तीन डॉलरची नोट हाती आल्यावर

अमेरिकेत 1782 ते 1866 या काळात हातोहात फिरणारा कागदी पैसा बहुतांशी खासगी बँकांनी काढलेला होता. फिलाडेल्फियाच्या बँक ऑफ नॉर्थ अमेरिकेने जानेवारी 1782 मध्ये दार उघडलं, तिथून ही गोष्ट सुरू होते. अमेरिकेच्या राज्यघटनेने राज्यांना स्वतः चलनी कागद काढायला मनाई केली होती, पण राज्याने सनद दिलेल्या बँकेला ती मनाई लागू नव्हती. मग जिथे बँक, तिथली नोट. यादवी युद्धाच्या तोंडावर अशा दीड हजारांवर बँका होत्या आणि प्रत्येकीची रक्कम, चित्रं, अक्षरं निराळी. 3 मार्च 1865 च्या कायद्याने या नोटांवर 10 टक्के कर बसवला, 1866 च्या उन्हाळ्यात तो लागू झाला आणि त्या छापणं कुणालाच परवडेना. मुंबईत बँक ऑफ बॉम्बेचा नोटा काढायचा हक्क 1861 च्या कायद्याने गेला, तो काळही जवळजवळ हाच. फरक इतकाच, की बॉम्बेच्या नोटा आज सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात नाहीत आणि अमेरिकेतल्या अजूनही आहेत.

आम्ही या नोटा घेतो, तपासतो आणि नोंदवून ठेवतो. एखादी नोट पसंत करण्यापासून ती अल्बमात जाईपर्यंत जे जे करावं लागतं, ते क्रमाने लिहितो आहोत. या छंदात नवीन आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "ही खरी आहे ना?" तो प्रश्न इथे पुरत नाही. नोट नेमकी कोणत्या जातीची आहे हे आधी ठरवावं लागतं. त्यानंतरच किंमत बोलता येते.

सुरुवातीला एक उलटं वाटणारं गणित डोक्यात बसवून घ्यावं. जी बँक सचोटीने चालली, तिच्या नोटा लोकांनी खिडकीवर नेऊन सोन्या-चांदीत वटवल्या आणि बँकेने त्या रद्द करून जाळून टाकल्या. तिची नोट आज शोधून सापडत नाही. जी बँक बुडाली, तिच्या नोटा पेट्यांमध्ये आणि हिशेबाच्या वह्यांमध्ये तशाच पडून राहिल्या, म्हणून त्या आज भरपूर आहेत आणि स्वस्त आहेत. मिशिगनने 1837 मध्ये कुणालाही बँक काढू देणारा कायदा केला. बँक तपासनीस येणार म्हटल्यावर चांदीच्या नाण्यांची तीच पिंपं एका बँकेतून दुसरीत हलवली जायची. खिळ्यांच्या पेट्यांवर वरवर नाणी पसरलेलीही सापडली. त्यातल्या बहुतेक बँका लवकरच कोसळल्या. म्हणून 1837-38 ची मिशिगनची नोट नवशिक्यालाही सहज मिळते. ऱ्होड आयलंडमधल्या ग्लोस्टरच्या फार्मर्स एक्स्चेंज बँकेचं तेच. 1809 मध्ये ती बुडाली तेव्हा तिजोरीत 87 डॉलरही नव्हते आणि बाहेर लाखो डॉलरच्या नोटा फिरत होत्या.

याच्या उलट बाजूला न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडची राज्यं. बोस्टनच्या सफोक बँकेने 1820 च्या दशकापासून त्या भागातल्या बँकांच्या नोटा पूर्ण किमतीला वटवायची सोय उभी केली. त्यामुळे तिथल्या अस्सल, वापरलेल्या नोटा परत जाऊन नष्ट झाल्या. बनावट तेवढ्या मागे राहिल्या, कारण त्या कुणीच वटवून देत नव्हतं. न्यू इंग्लंडमधल्या काही बँकांचा आज बनावटीशिवाय दुसरा नमुनाच माहीत नाही. म्हणूनच या क्षेत्रात बनावट नोट टाकाऊ ठरत नाही, फक्त ती तशी ओळखून आणि तशा भावाने घ्यायची असते.

बाजारात या नोटांना 'ब्रोकन बँक नोट', म्हणजे बुडालेल्या बँकेची नोट, म्हणायची सवय आहे. आम्ही 'ऑब्सोलीट', म्हणजे चलनातून गेलेली, म्हणतो, कारण यातल्या कितीतरी बँका बुडाल्या नाहीत, 1863 नंतर केंद्र सरकारच्या सनदेवर चालणाऱ्या नॅशनल बँका झाल्या.

आता जाती. सही, तारीख, क्रमांक हाताने भरून बँकेने बाहेर दिलेली नोट म्हणजे 'इश्यूड'. छापून आली पण कधीच भरली नाही, ती 'रिमेंडर'. तिच्यावर तारखेच्या जागी नुसतं 18 आणि पुढे कोरी रेघ असते. न्यू ऑर्लिन्सच्या कॅनॉल बँकेचे आणि सिटिझन्स बँक ऑफ लुइझियानाचे रिमेंडर इतके उरले, की कोऱ्या करकरीत नोटा आजही साधारण 50 ते 100 डॉलरांत मिळतात. पहिली खरेदी म्हणून आम्ही त्याच सुचवतो. कोरीव काम हाताशी धरून बघायचं, तर यापेक्षा चांगली शाळा नाही. 'प्रूफ' म्हणजे छापखान्याने बँकेला दाखवण्यासाठी काढलेला नमुना. पातळ इंडिया पेपरवर छापलेला, बहुधा पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि सह्यांच्या जागी गोल भोकं पाडलेला. अमेरिकन बँक नोट कंपनीच्या दप्तरातले प्रूफ 1990 मध्ये लिलावात आले आणि ज्यांचा एकही नमुना ठाऊक नव्हता अशा नोटा एकदम डोळ्यांसमोर आल्या.

बनावटीच्या चार जाती आहेत आणि त्यांत गल्लत केली की पैसे जातात. अस्सल नोटेची हुबेहूब नक्कल म्हणजे 'काउंटरफिट'. बँकेचं नाव खरं, पण त्या बँकेने तसली नोट कधी काढलीच नव्हती, चित्रही निराळंच, ती 'स्प्युरियस'. बुडालेल्या बँकेची खरी नोट घेऊन तिच्यावरचं नाव खरवडून चालू बँकेचं नाव घातलं, ती 'ऑल्टर्ड'. आणि एक डॉलरच्या खऱ्या नोटेवर पाच किंवा दहा केले, ती 'रेझ्ड'.

या सगळ्याची सूची म्हणजे जेम्स हॅक्सबी यांचा 1988 चा चार खंडांचा कॅटलॉग. त्यातला क्रमांक वाचायला शिकणं ही पहिली पायरी. आधी राज्याची दोन अक्षरं, मग बँकेचा क्रमांक, मग एक अक्षर आणि आकडा. हे मधलं अक्षर नीट बघा. 'जी' म्हणजे अस्सल, 'सी' नक्कल, 'एस' स्प्युरियस, 'ए' ऑल्टर्ड, 'आर' रेझ्ड. विक्रेत्याने वर्णनात मोठ्या अक्षरांत 'अतिशय दुर्मीळ' लिहिलं असेल आणि क्रमांकात 'सी' असेल, तर तो क्रमांक खरं सांगतो. कॅटलॉगमधल्या किमतींकडे मात्र बघू नका, त्या केव्हाच शिळ्या झाल्या. 'एसईएनसी' या खुणेचा अर्थ 'जिवंत नमुना आढळलेला नाही', पण तो 1988 पर्यंत. त्यानंतर अशा कितीतरी नोटा लिलावात आल्या आहेत, म्हणून त्या खुणेवर भाव चढवू नये. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवा: हा कॅटलॉग बँकांचा आहे. दुकानदार, कालवा कंपन्या, नगरपालिका यांनी काढलेली चिठ्ठीवजा कागदी चलनं त्यात बहुतांशी नाहीत. त्यासाठी राज्यवार पुस्तकं आहेत. सोसायटी ऑफ पेपर मनी कलेक्टर्सने त्यातली बरीच काढली.

काय जमवायचं ते आधी ठरवलेलं बरं. एक राज्य, एक शहर, रेल्वेची चित्रं, देवमाशाची शिकार, नाहीतर नुसत्या तीन डॉलरच्या नोटा. तीनची नोट त्या काळी सर्रास चालायची. 1.25, 1.50, 1.75 अशाही रकमा निघाल्या, त्या फार कमी दिसतात. वर्षभर वाटेल ते घेत बसलं, की पेटी भरते पण एकाही नोटेबद्दल धड काही कळलेलं नसतं.

विकत घेण्याआधी दोन्ही बाजूंचे, सपाट स्कॅन केलेले फोटो मागवावेत. या नोटांची मागची बाजू बहुधा कोरी असते आणि तपासाच्या दृष्टीने तीच जास्त बोलते. अल्बमात चिकटवल्याचे डाग, जुन्या विक्रेत्याच्या पेन्सिलीच्या खुणा, टाचणीची भोकं, मागून लावलेली कागदी पट्टी, सगळं तिथे दिसतं. समोरच्या एकाच फोटोवर, तोही प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढलेल्या, आम्ही बोली लावत नाही.

नोट हाती आली, की टेबलावर पांढरा कोरा कागद घालावा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. सुती हातमोजे घालू नका, त्यात कागदाची कड अडकते आणि फाटते. लागणारं सामान थोडंच: दहापट दाखवणारं भिंग, 365 नॅनोमीटरची यूव्ही (अतिनील) टॉर्च, खालून प्रकाश देणारं एलईडी पॅड, मिलिमीटरची पट्टी आणि एक साधी टॉर्च.

आधी साधी टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. प्रकाश बाजूने सरकला, की खरी कोरीव छपाई उठून दिसते. पोलादी पत्र्यावर कोरलेल्या खाचांमध्ये शाई भरून ओलसर कागद त्यावर दाबायचे. त्यामुळे शाईची रेघ कागदावर किंचित उभी राहते आणि मागच्या बाजूला तिचा हलका उठाव दिसतो. उठावाचा मागमूस नसेल तर तीन शक्यता: नोट फार झिजलेली आहे, कुणीतरी ती ओली करून दाबून सरळ केली आहे, किंवा ती कोरीव छपाईची नाहीच. ओल्या कागदावर छापल्यामुळे तो वाळताना सारखा आकसत नाही. एकाच पत्र्यावरच्या दोन नोटांत एक-दोन मिलिमीटरचा फरक निघतो. तेवढ्यावरून नोट खोटी ठरवू नये.

मग भिंग. रकमेच्या आकड्याभोवती जी जाळीदार फुलं असतात, ती जिऑमेट्रिक लेथ नावाच्या यंत्रावर काढलेली. एक रेघ पकडून डोळ्यांनी तिच्यामागून जा. अस्सल नोटेत ती न तुटता पूर्ण फेरा करून परत येते. हाताने कोरलेल्या नकलेत ती छेदाच्या जागी अडखळते, जाड होते, दुसऱ्याच रेषेत मिसळते. मग चेहरे बघा. नकलांमध्ये डोळे आणि बोटं हमखास बिघडलेली असतात, कारण बनावट करणाऱ्याकडे अक्षरं कोरणारा माणूस असायचा, चित्र कोरणारा नसायचा. अस्सल चित्रांमागे मोठे हात होते. निसर्गचित्रांसाठी नावाजलेला आशर ड्युरँड आधी नोटांवरची चित्रं कोरत असे.

मॅसॅच्युसेट्सच्या जेकब पर्किन्सचं काम इथे सांगितलंच पाहिजे. मऊ पोलादावर चित्र कोरायचं, पोलाद कडक करायचं, त्यावरून मऊ पोलादाचा रूळ दाबून फिरवायचा, तो रूळ कडक करायचा आणि त्याने हवे तितके पत्रे उठवायचे. यामुळे तेच चित्र, तंतोतंत तसंच, पन्नास बँकांच्या नोटांवर येऊ शकलं. म्हणून एकाच देवीचं चित्र दोन वेगळ्या राज्यांतल्या नोटांवर दिसलं, तर शंका घेऊ नका. उलट दोन नोटा शेजारी ठेवून चित्र रेघेरेघेने जुळवा. एकाच ठशातलं असेल तर केसांच्या बटासुद्धा जुळतात. नकलेत जुळत नाहीत. आमच्या हाताशी असलेली ही सगळ्यांत भरवशाची कसोटी आहे आणि लिलावगृहांचे जुने लॉट, म्हणजे पूर्वी लिलावात मांडलेल्या नोटा, इंटरनेटवर मोठ्या आकारात बघायला मिळतात, त्यामुळे ती घरबसल्या करता येते.

छापखान्याचं नाव खालच्या चौकटीजवळ अगदी बारीक अक्षरांत असतं. रॉडन, राइट, हॅच अँड एडसन हे नाव 1847 ते 1858 या काळातलं. 1847 च्या पहिल्या अमेरिकी टपाल तिकिटांवर याच कंपनीची आद्याक्षरं आहेत. 1858 मध्ये ही आणि आणखी सहा कंपन्या एकत्र होऊन अमेरिकन बँक नोट कंपनी झाली. जुन्या पत्र्यांवर मग नव्या कंपनीची एकात एक गुंतवलेली छोटी आद्याक्षरं घातली गेली. म्हणजे नोटेवर हाताने 1853 लिहिलंय आणि कोपऱ्यात ती गुंतवलेली अक्षरं आहेत, तर तारीख नंतर कुणीतरी भरलेली आहे. रिमेंडरवर खोट्या सह्या करून तो इश्यूड म्हणून विकायचा प्रकार होतो, तो अशाने उघडा पडतो.

सह्या साधारणपणे डावीकडे कॅशियरची, उजवीकडे प्रेसिडेंटची. तेव्हाची आयर्न गॉल (लोहक्षाराची) शाई आता तपकिरी झालेली असते, कागदात मुरते आणि पाठीमागे सावलीसारखी उमटते. जिथे लेखणी दाबली तिथे ती कागद खाऊन आरपार भेगही पाडते. शाई कागदावर वरवर बसलेली आणि रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची असेल, तर ती अलीकडची समजावी. क्रमांकाबद्दल एक गोष्ट. एका तावावर बहुधा चार नोटा छापत आणि प्रत्येकीवर ए, बी, सी, डी असं पत्र्याचं अक्षर असे. एका तावावरच्या सारख्या रकमेच्या नोटांना बऱ्याचदा एकच क्रमांक देत. त्यामुळे दोन नोटांचा क्रमांक एक आणि अक्षर वेगळं असेल तर त्या सख्ख्या बहिणी आहेत, बनावट नव्हेत. ताव कात्रीने कापायचे, म्हणून समास वाकडे. तिन्ही बाजूंनी चौकट पूर्ण आणि चौथीकडे किंचित कापलेली, ही सामान्य अवस्था धरावी.

ऑल्टर्ड नोट पकडणं हे या कामातलं सगळ्यांत अवघड आणि आमच्या मते सगळ्यांत समाधानाचं. नोट एलईडी पॅडवर ठेवा आणि फक्त बँकेच्या नावाची ओळ बघा. त्यातला 'बँक' हा शब्द मूळ असतो: अक्षरांच्या कडांना केसासारख्या छायारेषा, प्रत्येक रेघ स्वतंत्र. शेजारचा गावाचा शब्द बघितला, की फरक कळतो. काळा रंग सपाट, कडा किंचित पसरलेल्या, छायारेषा नाहीत किंवा एकमेकींत भरलेल्या. खालचा प्रकाश तिथून जास्त येतो, कारण कागद खरवडून पातळ झालेला असतो. खरवडण्याऐवजी रसायनाने धुतलं असेल, तर जाडी सारखी राहते, पण यूव्हीखाली तो पट्टा आजूबाजूपेक्षा वेगळा दिसतो. बदलणारे लोक हुशार होते. ज्या नावात कमीत कमी फेरफार करावा लागेल अशीच बँक निवडायचे. 'फार्मर्स बँक' प्रत्येक राज्यात होती, मग गाव आणि राज्य बदललं की झालं. म्हणून राज्याचं नाव ज्या बारीक अक्षरांत असतं, तिथे भिंग धरायला विसरू नका. चित्रात एका राज्याची राजमुद्रा आणि नावात दुसरं राज्य, असं दिसलं तर उत्तर मिळालंच. सह्यांची नावं त्या बँकेच्या अधिकाऱ्यांशी जुळतात का, हेही जुन्या वार्षिक अहवालांत आणि वर्तमानपत्रांत पाहता येतं. त्यांचा मोठा भाग आता स्कॅन झालेला आहे.

रेझ्ड नोटेत कोपऱ्यांतले आकडे बदललेले असतात, कधी दुसऱ्या नोटेतून कापून चिकटवलेले. कोपऱ्यावरून नखाची पाठ हलकेच फिरवली, तर चिकटवलेली कड लागते. मधल्या, पैसे देण्याच्या वचनातली अक्षरी रक्कमही बघावी. हा धंदा रोखायला काही बँकांनी चित्रातच रक्कम मांडली: तीनच्या नोटेवर तीन बालदेवदूत आणि तीन नाणी, पाचच्या नोटेवर पाच. चित्रातल्या आकृती मोजा. आकडा दहा आणि बालदेवदूत पाचच, असं निघालं तर पुढे तपासायची गरज नाही.

रंगाचंही कारण आहे. 1850 च्या दशकापर्यंत फोटोग्राफी पसरली आणि काळ्या शाईच्या नोटेचा फोटो काढून नक्कल करता येऊ लागली. मग रकमेचा शब्द लाल रंगात मोठा छापू लागले आणि पुढे क्रोमियमची हिरवी शाई आली, जी धुऊन किंवा खरवडून काढली तर काळी छपाईही सोबत जायची. तिच्या पेटंटची तारीख, 30 जून 1857, अनेक नोटांवर छापलेलीच आहे. या तारखेची ओळ असलेली नोट त्याआधीची असूच शकत नाही.

यूव्ही टॉर्च शेवटी. तेव्हाचा कागद सुती आणि लिननच्या चिंध्यांचा, तो यूव्हीखाली मंद, पिवळट दिसतो. निळसर पांढरा झगझगीत उजळला, तर कागद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे किंवा जुनी नोट कुणीतरी डिटर्जंटने धुतली आहे. दोन्हींत फरक कसा करायचा? धुतलेल्या नोटेत चकाकी डागडागांची आणि छपाई खरी कोरीव. नव्या कागदात चकाकी एकसारखी. बुजवलेली भोकं आणि चिकटवलेल्या फाटी याच प्रकाशात वेगळ्या रंगाने दिसतात. दुरुस्ती हा गुन्हा नाही. ती सांगितलेली असावी आणि भावात उतरलेली असावी, एवढंच आमचं म्हणणं.

एक नोट मात्र पुन्हा पुन्हा समोर येते, म्हणून नाव घेऊन सांगतो: बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची 1,000 डॉलरची, 1840 ची, क्रमांक 8894. कागद जाड, पिवळट, मुद्दाम सुरकुतवलेला, हातात कुरकुरतो. ती स्मरणवस्तू म्हणून छापलेली नक्कल आहे आणि तिच्या असंख्य प्रती निघाल्या. क्रमांक दिसला की पुढे बघायचंही कारण नाही. 1973 च्या अमेरिकी कायद्यानंतर अशा नकलांवर 'कॉपी' शब्द छापावा लागतो, पण त्याआधीच्या प्रतींवर तो नाही.

किमतीचं बोलायचं तर लिलावात पडलेल्या बोलीवर लिलावगृहाचं कमिशन चढतं, मोठ्या ठिकाणी ते 20 टक्क्यांच्या आसपास असतं. 200 डॉलरची बोली म्हणजे 240 आणि वर टपाल. आपली कमाल रक्कम हे सगळं धरून ठरवावी. भारतात मागवायची असेल तर पाठवणाऱ्याला आधीच विचारून घ्यावं की तो कोणत्या मार्गाने पाठवणार आणि कागदपत्रांवर वस्तूचं वर्णन काय करणार, कारण काही कुरियर कंपन्या चलनी कागद घेतच नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना ही अडचण नाही. तिथल्या नाणे-प्रदर्शनांत टेबलावर बसून दहा नोटा हाताळता येतात आणि तेवढ्यात जे शिकायला मिळतं ते फोटोंतून मिळत नाही.

नोटेची अवस्था तपासून तिला गुण देणाऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या पाकिटातली नोट घेताना लोक 1 ते 70 मधला आकडा बघतात आणि तिथेच थांबतात. लेबलाची मागची बाजू वाचा. 'फाट दुरुस्त', 'रंग भरला', 'कापून रद्द केलेली' या टिपा तिथे असतात. कापून रद्द केलेल्या नोटेचं आम्हाला वावडं नाही. बँकेने पैसे देऊन ती रद्द केली, याची ती खूण आहे. पण तो काप मागून बुजवून नोट न कापलेली म्हणून विकलेली असेल, तर ती आम्ही परत करतो. साध्या 50 डॉलरच्या नोटेला ग्रेडिंगचा खर्च करू नये, तो नोटेच्या किमतीजवळ जातो.

ठेवण्याबद्दल, महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. पाकीट पॉलिएस्टरचं हवं, ज्याला मायलार म्हणतात. मऊ, वास येणारं पीव्हीसीचं पाकीट कधीही नको. त्यातला मऊपणा आणणारा द्रव काही वर्षांत बाहेर येतो, नोट चिकट होते. तो चिकटपणा निघत नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांवर जाते. कागदाला 40 ते 50 बरी. घट्ट झाकणाच्या डब्यात अल्बम, सोबत नारिंगी सिलिका जेल आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक, इतकी सोय पुरते. जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये 120 अंशांवर वाळवून परत वापरावं. 35 टक्क्यांच्या खाली मात्र जाऊ देऊ नका, कागद ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, ओल तिथूनच येते. कसरीच्या भीतीने डांबराच्या गोळ्या टाकायची आपल्याकडे सवय आहे. ती इथे सोडावी, कारण त्या वाफेने प्लॅस्टिक खराब होतं आणि कागदावर थर बसतो. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा डबा उघडून प्रत्येक पान बघावं. तपकिरी ठिपके नव्याने दिसले तर ती नोट वेगळी काढावी. धुऊ नये, पुसू नये, इस्त्री तर नाहीच.

शेवटचं काम नोंदीचं आणि ते त्याच दिवशी करावं. नोटेचे 600 डीपीआयने दोन्ही बाजूंचे स्कॅन, शिवाय खालून प्रकाश दिलेला एक फोटो. वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने बँक, गाव, राज्य, रक्कम, हातानं लिहिलेली तारीख, क्रमांक, पत्र्याचं अक्षर, छापखाना, कॅटलॉग क्रमांक, सह्यांची नावं, मिलिमीटरमधलं माप, सगळे दोष, कुणाकडून आणि कितीला घेतली. सही वाचता आली नाही तर अंदाजाने नाव लिहू नका, अक्षरं जशी दिसतात तशी उतरवा, म्हणजे पुढे त्याच बँकेची दुसरी नोट मिळाली की ती लावून बघता येते. नोटेसोबत आलेलं जुनं पाकीट, विक्रेत्याची चिठ्ठी, लिलावाचा लॉट क्रमांक हे फेकू नये. आधीच्या मालकांची साखळी त्यातून जोडता येते आणि दुर्मीळ नोटेच्या बाबतीत पुढचा खरेदीदार तेच आधी मागतो.